कामात मन लागत नाही? कामाची पद्धत, मोबदला, वरिष्ठांची वागणूक आणि तुमचे आरोग्य

थोडक्यात

- कामात मन लागणे किंवा न लागणे हे केवळ स्वभावावर अवलंबून नसते. कामाची आखणी, वरिष्ठांची वागणूक, पैसा, मान आणि नोकरीची खात्री यांचा त्यात मोठा वाटा असतो.
- दीर्घकाळ चाललेला कामाचा ताण झोप, रक्तदाब, साखर, पचन आणि हृदय यांवर परिणाम करतो.
- कामावरून मन उडाल्यासारखे वाटण्यामागे थायरॉइड, रक्तक्षय, झोपेचा आजार किंवा नैराश्यही असू शकते. आधी तपासणी करावी.
- छातीत दुखणे किंवा जीव नकोसा वाटणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी थांबू नये.

एक नेहमीचे चित्र

चाळिशीतले एक गृहस्थ पत्नीसोबत तपासणीला येतात. वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षे मशीनवर काम केलेले. तक्रारी तीन: छातीत जळजळ, डोके जड होणे आणि झोप न लागणे. मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी आठ महिन्यांपासून रोज चालू. रक्तदाब १५०/९६.

काम कसे चालले आहे असे विचारल्यावर ते म्हणतात, "चाललंय." पत्नी मात्र सांगते, "आधी हे ड्यूटीवरून आले की जेवताना मशीनच्याच गोष्टी सांगायचे. आता घरात कंपनीचं नाव काढलेलं चालत नाही."

मग हळूहळू एकेक गोष्ट कळते. वर्षभरापूर्वी सुपरवायझर बदलले. माल वाया जाऊ नये म्हणून यांनी सुचवलेली युक्ती वापरली गेली, पण कौतुक दुसऱ्याचे झाले. पाळी आदल्या दिवशी बदलते. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलणी बसतात.

हे उदाहरण एका व्यक्तीचे नाही. अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून ते लिहिले आहे. छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव या औद्योगिक पट्ट्यांतून येणारे रुग्ण असोत, जालना रोडवरच्या बँकेतले किंवा मॉलमधले कर्मचारी असोत, की रुग्णालयातल्या परिचारिका असोत, तक्रार बहुधा पोटाची, डोक्याची किंवा झोपेची असते. त्यामागे काम आहे हे बऱ्याचदा रुग्णाच्याही लक्षात आलेले नसते. घरचे "आळस आलाय" म्हणतात आणि रुग्ण स्वतःलाच दोष देत राहतो.

कामात मन लागणे म्हणजे नेमके काय?

संशोधक याची तीन लक्षणे मानतात. पहिले, कामासाठी अंगात उत्साह असणे. दुसरे, आपले काम मोलाचे आहे असे वाटणे. तिसरे, कामात गुंतल्यावर वेळेचे भान न राहणे. मन लागलेला माणूसही संध्याकाळी थकतो, पण रात्रीच्या झोपेने त्याचा थकवा उतरतो.

अमेरिकी संशोधक विल्यम कान यांनी १९९० मध्ये या विषयावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस कामात जीव ओततो की अंग राखून काम करतो, हे तीन गोष्टींवर ठरते असे त्यांना आढळले:

- अर्थ: या कामात मी जे घालतो, त्याच्या बदल्यात मला काही मिळते का?
- सुरक्षितता: मी मोकळेपणाने बोललो, चूक कबूल केली, तर माझे नुकसान तर होणार नाही ना?
- उपलब्धता: माझ्या अंगात आणि मनात तेवढी ताकद शिल्लक आहे का?

तिसरा मुद्दा घरच्यांनी विशेष लक्षात घ्यावा. ज्याच्या गावी पेरणीचे कर्ज आहे, ज्याच्या घरी आई अंथरुणाला खिळली आहे, किंवा रात्रपाळी करून आल्यावर ज्याला नळाला पाणी येण्याच्या दिवशी टाकी भरायला जागावे लागते, त्याच्याकडे कामाला द्यायला कमीच उरते. यात त्याची निष्ठा कमी पडलेली नसते.

मन उडणे, बर्नआउट आणि नैराश्य: फरक काय?

मन उडणे: काम जमते, तब्येतही ठीक असते, पण रस राहत नाही. सांगितले तेवढेच करायचे, घड्याळाकडे बघत राहायचे. सुट्टीत, मुलांसोबत, सणासुदीला माणूस पूर्वीसारखाच असतो.

बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणे: अमेरिकी मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द या अर्थाने वैद्यकीय लिखाणात आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी स्थिती, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे उपाय शोधताना माणसासोबत कामाची जागाही तपासावी लागते.

नैराश्य: हा आजार आहे. तो फक्त कामापुरता राहत नाही. आवडते जेवण, नातेवाइकांची भेट, क्रिकेट, भजन, कशातच गोडी वाटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे किंवा कशातही रस न वाटणे, ही त्याची मुख्य खूण. सोबत झोप आणि भूक बदलणे, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार येणे ही लक्षणे असू शकतात.

घरी ओळखायचा एक सोपा मार्ग म्हणजे लागून तीन-चार दिवस सुट्टी मिळाली असताना माणूस कसा असतो ते पाहणे. सुट्टीत खुलला आणि कामावर जायच्या आदल्या रात्री पुन्हा कोमेजला, तर कारण कामात असण्याची शक्यता जास्त. सुट्टीतही तसाच राहिला, तर नैराश्याचा विचार करावा. मात्र ही तपासणीला पर्यायी चाचणी नाही. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात, आणि लांबलेला बर्नआउट नैराश्याकडे नेऊ शकतो.

कामामुळे मन का उडते?

*१. जबाबदारी भरपूर, हातात काहीच नाही*

टार्गेट ठरलेले, वेग ठरलेला, पाळी दुसऱ्याने ठरवलेली आणि चुकले तर जबाबदारी आपली, अशा कामाचा त्रास सर्वाधिक होतो. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हे सूत्र मांडले: कामाची मागणी जास्त आणि कामावरचा ताबा कमी असेल तर ताण वाढतो. मागणी जास्त असूनही निर्णयाला वाव असेल, तर तेच काम माणसाला शिकवते आणि पुढे नेते.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासाने याला वैद्यकीय पुरावा दिला. साहेबांवर जबाबदारी जास्त, म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी या फरकाचा काही भागच उलगडला. १९८५ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, कामावर ताबा नसणे हे यामागचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे दिसले.

*२. कष्ट आणि मोबदला यांचा मेळ न बसणे*

योहानेस सीग्रिस्ट या वैद्यकीय समाजशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मोबदल्याचे तीन भाग सांगितले: पैसा, मान, आणि नोकरीची खात्री किंवा बढती. कष्ट जास्त आणि या तिन्हींची बेरीज कमी, ही स्थिती वर्षानुवर्षे राहिली तर शरीर सतत तणावात राहते.

रुग्णाशी बोलताना ही तीन खाती वेगवेगळी विचारणे फार उपयोगी पडते. पगार बरा आहे, पण रोज अपमान होतो असे एखादा सांगतो. दुसऱ्याला साहेब चांगले वागवतात, पण दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलतो आणि पुढच्या महिन्यात गेटपास मिळेल की नाही माहीत नसते. एकाच मशीनवर, एकाच पाळीत, एक कामगार कायम आणि दुसरा कंत्राटी असेल, तर दोघांच्या पगारातील फरक रोज डोळ्यांसमोर असतो. कमी पैसे मिळण्यापेक्षाही अन्याय झाल्याची भावना जास्त खुपते.

पैशाबाबत दोन्ही टोके टाळायला हवीत. घर चालेल एवढा, वेळेवर मिळणारा पगार हा पायाच आहे. तो नसेल तर कौतुकाच्या शब्दांनी पोट भरत नाही. पण एवढा पगार मिळू लागल्यावर केवळ इन्सेंटिव्हने मन लागत नाही. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना त्यासाठी पैसे दिले आणि नंतर ते बंद केले, तेव्हा त्यांची मूळची गोडीच कमी झालेली दिसली. प्रत्येक गोष्टीला बक्षीस आणि प्रत्येक चुकीला कपात अशी पद्धत असलेल्या ठिकाणी हेच घडताना दिसते.

*३. वरिष्ठांची वागणूक*

कामगाराच्या दृष्टीने कंपनी म्हणजे मुख्यतः त्याचा थेट वरिष्ठ. चार लोकांत ओरडणे, श्रेय लाटणे, रजेसाठी अडवणे, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम लावणे, या गोष्टी रोज घडत असतील तर माणूस बोलणे बंद करतो. लाइनवर धोका दिसला तरी तो सांगत नाही, म्हणून हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. याउलट, ऐकून घेणारा आणि अडचणीत पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ असेल, तर कठीण कामही पेलवते.

*४. लांबलेले तास आणि पाळ्या*

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अहवाल दिला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असल्याचा अंदाज त्यात आहे. सहा दिवस, रोज साडेनऊ तास भरले की आठवड्याचे ५७ तास होतात. बजाजनगर किंवा रांजणगावात राहणाऱ्याचा जाण्या-येण्याचा वेळ वाचतो, पण पैठण, गंगापूर किंवा फुलंब्री तालुक्यातील गावातून रोज दुचाकीने येणाऱ्याचे आणखी एक-दोन तास रस्त्यावर जातात.

शरीरात काय होते?

धोका जाणवला की शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, साखर रक्तात येते. धोका टळला की सगळे पूर्ववत होते. कामावरचा धोका मात्र रोज सकाळी नव्याने सुरू होतो आणि रात्री फोनवरच्या ग्रुपमधून घरी येतो. शरीर पूर्ववत व्हायला वेळच मिळत नाही. मग दिसू लागतात:

- झोप न लागणे, पहाटे तीन-चारला जाग येणे
- वाढलेला रक्तदाब, छातीत धडधड
- साखर नियंत्रणात न राहणे. मधुमेह नसलेल्यांत पोटाचा घेर वाढणे
- ॲसिडिटी, पोट बिघडणे
- मान, खांदे आणि कंबर आखडणे, डोकेदुखी
- चिडचिड, विसरभोळेपणा, कामात चुका आणि अपघात
- तंबाखू, गुटखा, दारू वाढणे

शेवटचा मुद्दा रुग्ण स्वतःहून सांगत नाही. रात्रपाळीत जागे राहायला तंबाखू आणि सकाळी झोपायला दारू, ही साखळी कुटुंबाला उशिरा कळते.

डॉक्टर काय तपासतील?

कामाचा ताण आहे म्हणून बाकी सगळे ठीक असेल, असे गृहीत धरू नका. उत्साह न वाटण्यामागे ही कारणेही असतात:

- रक्तक्षय, विशेषतः स्त्रियांमध्ये
- थायरॉइडचे काम मंदावणे
- ब १२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता. दीर्घकाळ ॲसिडिटीच्या काही गोळ्या किंवा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब १२ कमी होऊ शकते
- मधुमेह
- झोपेत श्वास अडकणे: मोठ्याने घोरणे, रात्री घुसमटून जाग येणे, दिवसा पेंग येणे
- नैराश्य, चिंतेचा आजार, व्यसन

यासाठी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि गरजेनुसार इतर चाचण्या पुरेशा असतात. चाळिशीनंतर किंवा छातीत त्रास असेल तर ईसीजी काढला जातो. रक्तदाबाचे निदान सहसा एका मोजणीवर होत नाही. तो वेगवेगळ्या दिवशी मोजावा लागतो.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर इतके लिहून न्या: पाळीच्या वेळा, आठवड्याचे एकूण तास, झोपेच्या वेळा, चालू असलेल्या सर्व गोळ्या, आणि त्रास सुरू झाला तेव्हा कामात काय बदलले होते. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून बऱ्याचदा मूळ कारण सापडते.

तातडीने केव्हा जावे?

- छातीत दाब किंवा दुखणे, घाम, दम लागणे, दुखणे हात किंवा जबड्याकडे जाणे. याला गॅस समजून घरी बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.
- तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे.
- जीव नकोसा होणे, "मी नसलो तर तुम्ही सुटाल" अशी भाषा. माणसाला एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशके आणि औषधे दूर ठेवा. 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. धोका तातडीचा वाटला तर थेट रुग्णालयात न्या.

उपचार आणि स्वतः करण्यासारख्या गोष्टी

*आधी झोप.* रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येताना उन्हापासून डोळे झाकावेत, खोली अंधारी आणि थंड ठेवावी, झोपेच्या पाच-सहा तास आधीपासून चहा-कॉफी टाळावी. पाळी शक्यतो पुढे सरकत जावी: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट्या क्रमाने शरीराला जुळवून घेणे अवघड जाते.

*गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत.* झोपेच्या काही गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागते. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. नैराश्यावरची औषधे वेगळी असतात. त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि ती अचानक बंद करायची नसतात.

*समुपदेशन.* विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या मानसोपचार पद्धती ताण, चिंता आणि नैराश्यात उपयोगी ठरतात. घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ईएसआय कार्ड असणाऱ्यांनी चिकलठाणा येथील कामगार विमा रुग्णालयातून सुरुवात करावी.

*एक बदल मागा.* सगळे काही बदलावे अशी मागणी मान्य होत नाही. एकच, स्पष्ट आणि शक्य असलेली गोष्ट मागा: पाळीचे वेळापत्रक एक आठवडा आधी मिळावे, सलग रात्रपाळ्या कमी व्हाव्यात, चूक बाजूला घेऊन सांगितली जावी. रागाच्या भरात नको, आणि शक्य असल्यास सोबत एखादा सहकारी किंवा कामगार प्रतिनिधी असावा.

*मोबदल्याची तीन खाती लिहा.* पैसा, मान, खात्री. कुठले खाते रिकामे आहे ते ओळखा. मान कमी असेल तर पगारवाढीने प्रश्न सुटणार नाही, आणि खात्री नसेल तर सुपरवायझर बदलून फरक पडणार नाही. नोकरी बदलायची की थांबायचे, हा निर्णयही यावरून सोपा होतो. तो निर्णय तीव्र नैराश्यात घेऊ नये. आधी उपचार, मग निर्णय.

कुटुंबीयांनी काय करावे?

घरी येताच "आज काय झालं?" असे विचारू नका; अर्धा तास मोकळा द्या. "सगळेच करतात, तुलाच काय झालं?" हे वाक्य टाळा. रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप ही रात्रीचीच झोप आहे, हे मुलांना आणि पाहुण्यांना सांगून ठेवा. शक्य असेल तर पाणी भरण्याचे काम त्या दिवशी दुसऱ्याने घ्यावे. हप्ते, शिक्षणाचा खर्च, गावाकडची देणी यांचा हिशोब एकत्र बसून करा. घरातला माणूस भीतीपोटी ओटी करत असेल, तर घरातल्यांनी किती पैशांत भागते हे मोकळेपणाने सांगितल्याने त्याच्या मनावरचा भार हलका होतो.

नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी घर ही बहुधा दुसरी पाळी असते. तिच्या थकव्यावर पहिला उपाय घरकामाची वाटणी हाच आहे.

वरिष्ठ आणि मालकांसाठी

हा लेख वाचणाऱ्यांत सुपरवायझर आणि लहान कारखान्यांचे मालकही असतात. त्यांच्यासाठी एक जुना भारतीय दाखला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, पण अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कामाची आखणी पाहिली. प्रत्येकाच्या वाट्याला एक तुटक काम आले होते आणि पूर्ण काम कोणाचेच नव्हते. कामगारांचे छोटे गट करून ठराविक माग एकेका गटाकडे सोपवण्यात आले, आणि कामाची वाटणी गटावर सोडली. त्यानंतर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग बदलले नव्हते, फक्त कामाची पद्धत बदलली होती.

अशा बदलांना फार खर्च लागत नाही. पाळी आधी कळवा. सूचना ज्याची, त्याचे नाव घ्या. चूक खासगीत आणि कौतुक चारचौघांत सांगा. इन्सेंटिव्हचा नियम सगळ्यांना समजेल असा ठेवा. आजारपणाच्या रजेवरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण टार्गेट देऊ नका.

तुमचे हक्क

- ईएसआय विमाधारकाला, ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते. गंभीर मानसिक आजारांसह काही दीर्घ आजारांत पात्र कामगारांना यापेक्षा जास्त काळ लाभ मिळतो.
- मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच आरोग्य विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे.
- कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे, किंवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो हे कंपनीला कळेल का?*
तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर कंपनीला निदान सांगत नाहीत. रजेसाठी प्रमाणपत्र लागत असेल, तर त्यात काय लिहिले जाईल याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

*नोकरी बदलली की त्रास जाईल का?*
कारण खरोखर त्या जागेत असेल तर बराच कमी होतो. नैराश्य किंवा व्यसन जडले असेल, तर ते नव्या नोकरीतही सोबत जाते.

*योग, चालणे, ध्यान यांनी फायदा होतो का?*
होतो, झोप आणि रक्तदाब दोन्हींना. मात्र दिवसाला बारा तासांचे काम आणि रोजचा अपमान तसाच राहिला, तर एकट्या प्राणायामावर फार भार टाकल्यासारखे होईल.

*रक्तदाबाची गोळी सुरू केली, आता ताण गेला तर बंद करता येईल का?*
स्वतःहून नाही. मोजमाप पाहून डॉक्टर ठरवतील.

पुढे काय झाले?

सुरुवातीच्या उदाहरणाकडे परत येऊ. अशा रुग्णाला रक्तदाबाचे औषध लागते, ॲसिडिटीची गोळी टप्प्याटप्प्याने बंद करता येते आणि ब १२ तपासावे लागते. त्याच्या रिकाम्या खात्याचे नाव होते मान. कामगार प्रतिनिधीला सोबत घेऊन तो व्यवस्थापकांशी बोलला आणि दोन गोष्टी मागितल्या: पाळी आधी कळावी, आणि नव्या मुलांना मशीन शिकवण्याचे काम आपल्याकडे द्यावे. पहिली अर्धीच मान्य झाली, दुसरी पूर्ण. पगार तेवढाच राहिला. तीन महिन्यांनी रक्तदाब आटोक्यात होता आणि झोप सुधारली होती. पत्नीने एवढेच सांगितले, "आता जेवताना परत मशीनच्या गोष्टी सुरू झाल्यात."

सगळ्यांचे असे होत नाही. काहींना जागा बदलावी लागते, काहींना दीर्घ उपचार लागतात. पण पुढच्या वेळी पोटाची किंवा झोपेची तक्रार घेऊन जाल, तेव्हा कामाबद्दलही डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारले नाही, तरी सांगा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*